मिनी ट्रॅक्टरच्या लोडरला तिसरं काम: बकेटवरचा पंजा कुठवर आला

लोडरवरचा पंजा चालू झाला. उघडतो, मिटतो, काड्यांचा ढीग धरून ट्रॉलीत टाकतो. लॉक व्हॉल्व्ह (जॅकमधलं तेल अडवून पकड टिकवणारा) आणि एका ठिकाणचं होजचं, म्हणजे तेलाच्या रबरी पाइपचं, कव्हर अजून बाकी आहे. तरी इथवर काय ठरवलं आणि का, ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण या कामाबद्दल चार दुकानांत विचारलं तर चार उत्तरं मिळतात आणि त्यातली दोन ट्रॅक्टरला धोक्याची असतात.

आधी गरज सांगतो. आमच्या निफाडकडे एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधाबांधावर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग लागतात. शेणखत बकेटमध्ये गुमान बसतं, काडी बसत नाही. ढिगात बकेट घातली की काड्या एकमेकींत अडकून वर फुगतात. बूम, म्हणजे लोडरचे हात, उचलला की निम्म्या पुढून घसरतात, आणि त्या खाली पडल्या की टायरमध्ये येतात. वरून दाबून धरणारा पंजा असेल तर याच बकेटमधून दुप्पट माल एका फेरीत जातो. पण पंजा उघडायला-मिटायला तेल लागतं, आणि माझ्या लोडरचा व्हॉल्व्ह दोन स्पूलचा (स्पूल म्हणजे आत सरकून तेलाची वाट उघडणारा दांडा): एक लिव्हर बूमचा, एक बकेटचा. तिसऱ्या कामाला जागाच नाही.

वेगळा व्हॉल्व्ह की डायव्हर्टर

दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे पंपाच्या लाइनमध्ये तिसरा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह घालायचा. आपल्या छोट्या ट्रॅक्टरांमध्ये तेल सतत फिरतं राहतं: पंपातून लोडरच्या व्हॉल्व्हमध्ये, तिथून पुढे जाणाऱ्या तोंडातून मागच्या लिफ्टला आणि मग टाकीत. तिसरा व्हॉल्व्ह या साखळीत बसवायचा तर त्याच्यातून बाहेर पडणारं तेल लिफ्टलाच गेलं पाहिजे. ते थेट टाकीत सोडलं की मागची लिफ्ट मेली. आणि त्या लाइनवर क्विक कपलर (हाताने झटकन जोडायचा-सोडायचा सांधा) घालून ते कधी अर्धवट बसलं, तर पंपाच्या तेलाला जायला वाट उरत नाही. त्याच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला, रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबाला तेल सोडून देणारा) नसेल तर होज, सील नाहीतर पंप, यातलं काहीतरी जाणारच.

दुसरा रस्ता डायव्हर्टरचा, म्हणजे तेलाची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा: सहा तोंडांचा, दोन स्थितींचा, १२ व्होल्टच्या कॉइलवर चालणारा. तो बकेटच्या दोन लाइनींमध्ये बसतो. कॉइलला करंट नसताना तेल बकेटच्या जॅकला, म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरला, जातं. बटण दाबून धरलं की तेच तेल पंज्याच्या जॅकला जातं. लिव्हर तोच, बकेटचा. मागच्या लिफ्टच्या लाइनीला हातही लागत नाही.

मी डायव्हर्टर घेतला. डायव्हर्टरने बकेट आणि पंजा एकाच क्षणी हलत नाहीत, एवढी एक तडजोड आहे. काड्या उचलताना ती आड येत नाही: बकेट घुसवायची, पंजा मिटायचा, मग बकेट वळवायची. हे सगळं एकापाठोपाठ एकच चालतं. ज्यांना ओंडके उचलायचे आहेत, जिथे पकड सांभाळत बकेट वळवावी लागते, त्यांनी वेगळ्या व्हॉल्व्हचा विचार जरूर करावा.

माझ्या दृष्टीने डायव्हर्टरचा खरा फायदा दुकानात कोणी सांगितला नाही. पंज्याला ४० मिमी बोअरचा (आतला व्यास), २०० मिमी स्ट्रोकचा (रॉडची चाल) जॅक आहे. त्यात पाव लिटर तेल मावतं. पंप मिनिटाला साधारण २० लिटर देतो. म्हणजे साधा चालू-बंद सोलेनॉइड असता तर पंजा पाऊण सेकंदात खाडकन मिटला असता. जवळ माणूस काड्या सारत असेल तर हा वेग भयंकर आहे. डायव्हर्टर मात्र फक्त वाट बदलतो. तेल किती सोडायचं ते लोडरचा स्पूलच ठरवतो. लिव्हर जरासा सरकवला की पंजा हळू येतो आणि मध्येच थांबवता येतो. त्यासाठी वेगळा फ्लो कंट्रोल लागला नाही.

जॅक छोटाच का

वेल्डिंगवाल्या मामांचा आग्रह ५० मिमी बोअरच्या जॅकचा होता. "दादा, दाब जास्त आला तर बरंच की."

"मामा, जास्तीचा दाब काड्यांना नाही, तुमच्या वेल्डला लागणार."

हिशेब सोपा आहे. लोडरचा रिलीफ १५० बारला सेट आहे. ५० मिमी बोअरचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंमीच्या वर, म्हणजे जोर जवळजवळ ३००० किलो. ४० मिमीला तोच जोर १९०० किलो. जॅकची पिन बिजागरीपासून १५ सेंमीवर आणि पंज्याचं टोक ६० सेंमीवर असल्याने टोकाला त्याचा चौथा भाग येतो: एकात साडेसातशे, दुसऱ्यात पावणेपाचशे किलो. काड्या आणि पाचट दाबायला पावणेपाचशे भरपूर झाले. त्याहून जास्त जोर बकेटची वरची कड वाकवायच्या कामाचा. शिवाय छोटा जॅक हलका. पुढे वाढलेला प्रत्येक किलो लोडरच्या उचलीतून वजा होतो आणि मागे तेवढं वजन मागतो. पंजा लागल्यापासून मी मागे रोटाव्हेटर असल्याशिवाय लोडर चालवत नाही.

मिटताना जॅकचा रॉड बाहेर येईल अशीच मांडणी ठेवा. रॉड बाहेर ढकलताना पूर्ण बोअरचा जोर मिळतो. आत ओढताना रॉडच्या जाडीएवढा कमी होतो, आणि उघडायला तेवढा पुरतो.

वायर पुढे न्या, तेल नको

डायव्हर्टर कुठे बसवायचा यावर बराच विचार केला. सीटजवळ बसवला तर बूमवरून पुढे दोन लांब होज न्यावे लागतात. बूमच्या दोन हातांना जोडणाऱ्या पुढच्या आडव्या पाइपवर बसवला तर बकेटच्या लाइनी तिथे आयत्या आलेल्या असतात. पंज्यासाठी दोन आखूड होज पुरतात आणि मागून पुढे फक्त एक वायर जाते. वायर तुटली तर बकेट चालूच राहते. मी आडवा पाइपच निवडला. एक मात्र बघा: बकेटचे दोन जॅक असतील तर लाइन दोन्हीकडे फुटते त्या टीच्या (तीन तोंडांच्या जोडाच्या) आधी डायव्हर्टर आला पाहिजे. टीच्या नंतर घातला तर एका बाजूच्याच जॅकचं तेल तुटतं आणि बकेट पिळवटते.

तोंडांवरच्या खुणा प्रत्येक बनावटीत वेगळ्या असतात, त्यांच्यावर विसंबू नका. टेबलावर ठेवून कॉम्प्रेसरची हलकी हवा मारली की करंट नसताना कोणतं तोंड कोणाला मिळतं ते लगेच कळतं. ती जोडी बकेटची. मग बॅटरी लावून पाहायची. आत टक् असा बारीक आवाज येतो, स्पूल सरकल्याचा. कॉइलच्या नटाजवळ स्क्रू ड्रायव्हर नेला तर त्याचं टोक ओढून चिकटतं. पुढे शेतात कधी पंजा चालेना झाला तर हीच परीक्षा आधी करायची. टोक चिकटलं तर वीज ठीक आहे, बिघाड तेलाच्या बाजूला शोधायचा.

कॉइल ३ अँपिअरच्या आसपास घेते. किल्लीवरच्या लाइनीतून फ्यूज, मग रिले, आणि बकेटच्या लिव्हरच्या मुठीत बटण. लिव्हर पोकळ असल्याने वायर आतून गेली. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, त्याने रिलेचे पॉइंट जळतात. म्हणून कॉइलवर १एन४००७ डायोड आडवा लावला आहे, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लावला तर फ्यूज उडतो. कनेक्टरचं वायरचं तोंड खाली ठेवा आणि वायरला एक खाली लोंबणारा वेढा द्या, म्हणजे पावसाचं आणि धुण्याचं पाणी वेढ्यावरूनच टपकून जातं.

आटे, सील, होज

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डायव्हर्टरची तोंडं ३/८ बीएसपी (इंची मापाचे ब्रिटिश पाइप-आटे), माझ्या लोडरचे पाइप मेट्रिक. ३/८ बीएसपीचा बाहेरचा व्यास १६.६६ मिमी आणि इंचाला १९ आटे. एम १६ चा व्यास १६ आणि आटा दीड मिमीचा. हाताने फिरवला की एक-दोन आटे बरोबर बसल्यासारखे वाटतात, पुढे पान्याने जोर लावला की आटे कापले जातात. थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) खिशात ठेवूनच फिटिंग घ्यायला जा.

सरळ आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, डाउटी वॉशर (आत रबराची कडी असलेला धातूचा वॉशर) लावा. टेपचा एक धागा आत गेला तरी स्पूलमध्ये अडकू शकतो. आणि बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांमध्ये हायड्रॉलिकचं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, म्हणजे लोडरमधली घाण थेट गिअरपर्यंत जाते. नवा होज क्रिंप करून (टोकांना फिटिंग दाबून बसवून) आणला की त्यात कापताना पडलेली रबराची आणि तारेची बारीक भुकटी असते. पांढऱ्या फडक्याचा बोळा डिझेलमध्ये भिजवून हवेच्या दाबाने होजमधून पार करायचा. पहिला बोळा काळाकुट्ट येतो. स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही.

पंज्याला १/४ इंची, तारेच्या दोन जाळ्यांचा होज घेतला. त्याचा कामाचा दाब ४०० बार, म्हणजे भरपूर मोकळीक आहे. "तेल कमी जाईल, जोर कमी पडेल" असं बऱ्याच जणांनी सांगितलं. तेल वाहताना बारीक होजमध्ये दाब थोडा पडतो हे खरं, पण पंजा मालावर टेकून थांबला की वाहणं थांबतं आणि पूर्ण दाब जॅकला मिळतो. वेग जरा कमी झाला तर मला हवाच आहे. बकेटच्या लाइनी मात्र ३/८ च ठेवल्या. पंज्याच्या होजला १०० मिमी त्रिज्येपेक्षा आखूड वळण देऊ नका, आणि बूम पूर्ण वर, बकेट पूर्ण उलटी, पंजा पूर्ण उघडा अशा सगळ्या टोकांना तो ताणतो का ते इंजिन हळू ठेवून बघा.

लाइन उघडण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, मग सगळे लिव्हर दोन्ही बाजूंना हलवायचे. पंज्याच्या लाइनीत मात्र तेवढ्याने दाब सुटत नाही, कारण करंट नसताना डायव्हर्टर ती वाट बंद ठेवतो. किल्ली चालू करून, इंजिन न लावता, बटण दाबून लिव्हर हलवावा लागतो. पंजा काढून उन्हात ठेवणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. दाब अडकलेला असेल तर तापल्यावर तो आणखी वाढतो आणि कपलर परत बसत नाही.

गळती हाताने चाचपायची नाही, कधीच नाही. १५० बारला सुईएवढ्या भोकातून आलेलं तेल हातमोज्यातून कातडीत घुसतं. वर नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत मांस मरायला लागतं. असं कोणाला झालं तर वाट न बघता, तासाभरात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या आणि तेल घुसलंय असं स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लाइनीजवळून फिरवायचा.

पहिली चाचणी आणि पुढचं

हवा काढायला काही खास करावं लागलं नाही. पंजा रिकामा पूर्ण उघड-मिट केला, सुरुवातीला झटके दिले, मग चाल एकसारखी झाली. नंतर डिपस्टिक पाहून तेल भरलं. काड्यांचा ढीग आता बकेटबाहेर दीड हात फुगलेला असला तरी ट्रॉलीपर्यंत जसाच्या तसा जातो.

एक गोष्ट मात्र अजून समाधानकारक नाही. पंज्यात जाड खोड दाबून धरलं, जॅकच्या ग्लँडला (रॉड बाहेर येतो त्या तोंडाच्या झाकणाला) टेकून रॉडवर मार्करने रेघ मारली आणि बटण सोडून अर्धा तास बकेटची कामं केली. रेघ ग्लँडच्या आत शिरली होती. डायव्हर्टरच्या स्पूलमधून तेल थोडं निसटतंच, ती त्याची जातच आहे. म्हणून डबल लॉक व्हॉल्व्ह मागवला आहे. तो डायव्हर्टरजवळ न बसवता जॅकच्या अंगावरच, स्टीलच्या पाइपने जोडून बसवणार, म्हणजे मधला होज फुटला तरी पंजा माल सोडणार नाही. जॅकच्या तोंडांमधलं अंतर आणि व्हॉल्व्हच्या तोंडांमधलं अंतर जुळत नाही, त्यामुळे दोन पाइप वाकवून घ्यायचे आहेत. ४० मिमीच्या जॅकवर असा लॉक कोणी बसवला असेल तर पाइप कोणत्या बाजूने काढला ते जरूर सांगा, कारण माझ्याकडे एका बाजूला बकेटची कड आड येते आणि दुसऱ्या बाजूला काड्या अडकण्याची भीती आहे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी हे उरकायचं आहे.