दीडशे डोला

बोर्डाच्या सभेच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, ती ओळ अजून तशीच आहे, "खजिनदारांनी ठराव मांडला." खजिनदार म्हणजे मी. दीड वर्ष होऊन गेलं, पण दरवेळी ऑडिटला ती फाईल उघडावी लागते आणि ती ओळ आली की पुढचं वाचवत नाही, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

मी बॉस्टनजवळ राहते, पोटापाण्याला अकाउंटंट आहे. आमची संस्था अगदी छोटी, हैतीच्या मधल्या पठारावर एँश गावाच्या पुढच्या डोंगरातल्या शेतकरी गटांना पैसे पुरवते. तिथे आमचा माणूस नाही, ऑफिस नाही, गाडी नाही. काय पेरायचं, कुठे बांध घालायचा, कुणाला बी आधी द्यायचं हे सगळं तिथले गट ठरवतात. बोर्डावर आम्ही सात जण, सगळे बिनपगारी. अध्यक्षबाई मूळच्या हैतीच्याच, चाळीस वर्षांपासून इथे, शाळेत शिकवायच्या. ब्रॉकटनच्या एक नर्सताई आहेत, त्याही तिकडच्याच. बाकी आम्ही बाहेरचे.

मी यात कशी आले तर एका फोटोमुळे. कामावरच्या एकीने तिकडच्या शेताचा फोटो दाखवला, म्हणाली हे प्वा कोंगो, आणि मी म्हटलं अगं ही तर तूर! खरंच तूर. मग एकेक कळत गेलं. तिथे कोंबीत म्हणतात, म्हणजे ढोल वाजवत सगळ्यांनी मिळून एकाचं शेत खणायचं, मग दुसऱ्याचं, ती आपली इर्जिक. सोल म्हणजे भिशी, तंतोतंत. ग्वूपमान म्हणजे दहा-पंधरा जणांचा गट, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारा, थोडे पैसे आणि भरपूर कष्ट एकत्र करणारा. पापाय गावात १९७३ साली शाव्हान जाँ-बातिस्त यांनी सुरू केलेल्या चळवळीने ही पद्धत त्या भागात रुजवली, आमचे गट त्या चळवळीतले नाहीत पण वळण तेच. आमचे अण्णा नगर जिल्ह्यात विकास सोसायटीचे गटसचिव होते, घरात पीककर्जाची रजिस्टरं पडलेली असायची. त्यामुळे मला वाटायचं की मला हे सगळं कळतं.

आता बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं ते सांगते. अमेरिकेत करमाफीची देणगी घेऊन पैसा परदेशात पाठवायचा तर तो नुसता पाईपमधून पाणी जावं तसा पाठवता येत नाही, त्यावर बोर्डाचा ताबा आणि निर्णय राहिला पाहिजे असा नियम आहे. म्हणजे गावं ठरवणार, आमचा त्यावर मनापासून विश्वास, पण कायद्याने सही आमची आणि जबाबदारीही आमची. दर वर्षी १५ मेच्या आत फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला द्यायचं संस्थेचं वार्षिक विवरणपत्र, भरायचा, परदेशात दहा हजार डॉलरच्या वर खर्च असेल तर त्याला परदेशी कामाची माहिती देणारं शेड्यूल एफ जोडायचं. ते नीट व्हावं म्हणून मी एक पॉलिसी लिहिली होती, आधीच्या हप्त्याचा हिशोब जुळल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. बोर्डाने एकमताने पास केली होती आणि मला तिचा अभिमान होता.

पण हिशोब ठेवणार कोण? देणगीदारांना विहीर हवी असते, शाळा हवी असते, कोनशिला लावता येईल असं काहीतरी. त्या गटांना एक पगारी हिशोबनीस द्या म्हटलं की लगेच प्रश्न येतो, तुमचा ओव्हरहेड, म्हणजे कारभारावरचा खर्च, किती टक्के? वर्षानुवर्षं मी हे ऐकतेय आणि दरवेळी तितकाच राग येतो. तर हिशोबनीस नाही. तिकडच्या गटांचा कोऑर्डिनेटर, जो स्वतः शेतकरी आहे, तो पावत्यांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, इथे एक कॉलेजची मुलगी व्हॉलंटियर म्हणून ते एक्सेलमध्ये टाकायची, आणि मी ते एक्सेल तपासायचे. एक्सेलच फक्त, फोटो नाही.

मार्च २०२४ मध्ये हैतीची काय अवस्था होती ते बातम्या बघणाऱ्यांना आठवत असेल. फेब्रुवारीच्या अखेरीस टोळ्यांनी पोर्तो प्रँसमध्ये एकदम हल्ले सुरू केले, तुरुंग फोडले, हजारो कैदी पळाले, विमानतळ बंद पडला. पठारावर तेव्हा त्या मानाने शांत होतं, पण राजधानीतून येणारा रस्ता टोळ्यांच्या हातात, म्हणजे डिझेल महाग, खत महाग, सगळंच महाग. आणि पावसाला दोन आठवडे उरलेले. कोऑर्डिनेटरने बीनच्या आणि मक्याच्या बियाण्यासाठी १८,००० डॉलर मागितले होते.

मी मीटिंगआधी ऑक्टोबरच्या हप्त्याचा हिशोब काढला. २०,००० डॉलर पाठवले होते, डॉलरला १३२ चा दर धरला तर २६ लाख ४० हजार गूर्द, गूर्द म्हणजे हैतीचं चलन. एक्सेलमधली बेरीज आली ७ लाख ७० हजार. पुन्हा केली, तीच. जेमतेम तीस टक्के पैशाचा हिशोब लागत होता.

झूमवर मी स्क्रीन शेअर करून तो आकडा दाखवला. आवाज अगदी सपाट ठेवला, ऑडिटमध्ये ठेवतो तसा. कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ, नव्वदच्या दशकात तिकडे जाऊन आलेले, सगळ्यात जास्त देणगी देणारे आणि एरवी खरंच प्रेमळ, ते म्हणाले, "वाईट वाटतं, पण आश्चर्य नाही वाटत. हैतीच आहे शेवटी." अध्यक्षबाईंनी कॅमेरा बंद केला. दोन-तीन मिनिटांनी परत चालू केला तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता.

कोऑर्डिनेटरला फोनवर घेतलं. लाईन तुटत होती, अध्यक्षबाई भाषांतर करत होत्या. मीच विचारलं, बाकीच्या पैशाच्या पावत्या कुठे आहेत? तो म्हणाला, सगळ्या पाठवल्या. मी म्हटलं, आमच्याकडे तीस टक्क्यांच्याच आहेत. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मादान त्रेझोऱ्ये (खजिनदारबाई), बी आमच्या कोठारात आहे. कुणालाही पाठवा, मोजून घेऊ दे." मी म्हटलं, रस्ते बंद आहेत, कुणाला पाठवणार? हे मी म्हटलं. मग त्याने एक वाक्य उच्चारलं ज्याचं भाषांतर अध्यक्षबाईंनी तेव्हा केलं नाही.

मी ठराव मांडला, हिशोब पूर्ण होईपर्यंत हप्ता थांबवावा. अनुमोदन मिळालं. चार बाजूने, एक तटस्थ, विरोधात एकट्या नर्सताई. त्या म्हणाल्या, "मला आकडे कळत नाहीत, पण मी त्या माणसाला ओळखते." मला तेव्हा मनात आलं की हे काही कारण होऊ शकत नाही. प्रथेप्रमाणे अध्यक्षांनी मत दिलं नाही.

रात्री झोप येईना. साडेअकराला उठून मी त्या मुलीच्या ड्राइव्हमधले मूळ फोटो उघडले, पहिल्यांदाच. वहीचे आडव्या रेघांचे कागद, बॉलपेनने लिहिलेले. बी बाजारातल्या मादान साराकडून घेतलेलं, म्हणजे डोंगरातून शहरात माल फिरवणाऱ्या ज्या व्यापारी बायका असतात त्या, तिकडचा अर्धा देश त्यांच्या डोक्यावर चालतो. त्या छापील बिलं देत नाहीत. एका कागदावर लिहिलं होतं: प्वा, मामीत, ४०, आणि पुढे १५० डोला. प्वा म्हणजे इथे बीन, मामीत म्हणजे धान्य मोजायचा पत्र्याचा डबा, त्यांची पायली म्हणा, मोठ्या मामीतमध्ये साधारण सहा पौंड बी बसतं. एक्सेलमध्ये त्याच्यासमोर १५०, कॉलम गूर्दचा.

सहा पौंड बीन १५० गूर्दला, म्हणजे डॉलरला थोडं वर. हे कुठल्या जगात मिळतं? मी दर आठवड्याला डाळ आणते, मला पौंडाचा भाव तोंडपाठ आहे, आणि ते एक्सेल मी दोन वेळा तपासलं होतं. बेरीज तपासली. भाव नाही बघितला.

डोला. हा शब्द मी अध्यक्षबाईंच्या बोलण्यात शंभर वेळा ऐकला असेल. एके काळी पाच गूर्दला एक अमेरिकन डॉलर असा पक्का दर होता, कित्येक दशकं होता, त्यामुळे लोक पाच गूर्दला एक डोला म्हणायला लागले. तो दर कधीच गेला, पण बाजारात भाव आजही डोलातच सांगतात, तशी नोट नाही, नाणं नाही, तरी सगळा व्यवहार त्यात. आपल्याकडे नाही का जुनी माणसं नवे पैसे आल्यावरही कितीतरी वर्षं आण्यात बोलायची, तसंच. दीडशे डोला म्हणजे साडेसातशे गूर्द.

मग मी कागद वेगळे केले. पत्र्याचं आणि अवजारांचं दुकानाचं छापील बिल गूर्दमध्ये होतं, ३ लाख १० हजार. हाताने लिहिलेल्या सगळ्या पावत्या डोलात, ४ लाख ६० हजार. गुणिले पाच, २३ लाख. दोन्ही मिळून २६ लाख १० हजार. फरक ३० हजार गूर्दचा, म्हणजे सव्वादोनशे डॉलर, तो बँकेचा चार्ज आणि दरातला फरक. हिशोब जुळला होता, इतका जुळला होता की माझ्या इथल्या कुठल्या क्लायंटचा इतका जुळत नाही.

रात्री एकला अध्यक्षबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला तो फोटो दाखवला असतास तर एका मिनिटात सांगितलं असतं." मग स्वतःहून ते न केलेलं भाषांतर केलं. कोऑर्डिनेटर म्हणाला होता, माझ्या आईची डुकरं नेली तेव्हासुद्धा असेच कागदावरून बोलत होते.

डुकरांचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आफ्रिकन स्वाइन फीव्हर हैतीत आला आणि ऐंशीच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पुढाकाराने देशातली झाडून सगळी गावरान काळी डुकरं मारून टाकली. डुक्कर म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची बँक होती, मुलाची फी, मयत, बियाणं, सगळं त्यावर. भरपाई कित्येकांच्या हातात पडलीच नाही. बदली म्हणून अमेरिकेतून आणलेल्या डुकरांना विकतचं खाद्य आणि पक्की जमीन लागायची. आणि २०१० च्या भूकंपानंतर जो अफाट पैसा आला तो बहुतेक परदेशी संस्थांच्या आणि ठेकेदारांच्या हातूनच खर्च झाला. एवढं झाल्यावर पावती मागितली जाते ती वहीच्या कागदावर लिहून देणाऱ्यांकडे. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, देणगीदारांसमोर मी यावर बोललेही आहे.

चूक सापडली म्हणून पैसे लगेच जात नाहीत. ठराव फिरवायचा तर एक तर सातही जणांची लेखी संमती हवी, नाहीतर पाच दिवसांच्या नोटिशीवर खास सभा. एक सदस्य डोंगरात ट्रेकला गेलेले, फोन लागत नाही. मग खास सभा, शुक्रवारी २२ तारखेला. त्या वयस्कर गृहस्थांनी स्वतःहून सगळ्यांची माफी मागितली, ते मनापासून होतं. सोमवारी वायर, म्हणजे बँकेतून थेट रक्कम, पाठवली तर आमच्या बँकेने अडवून धरली, पैसे कशासाठी, कुणाला, त्या कुणाचे मालक कोण, तेच फॉर्म जे दर वर्षी भरून देतो. हैती नाव दिसलं की हेच होतं. एकदा कारणात "खत" असा शब्द लिहिला होता तर दोन आठवडे गेले होते, तेव्हापासून मी फक्त शेतीसाहाय्य लिहिते. पैसे पोचले ४ एप्रिलला.

पाऊस त्याआधी आठवडाभर पडून गेला होता. वाफसा काय असतो हे मला कुणी समजावायला नको. अण्णांच्या ऑफिसात मृग लागला की कर्ज मंजूर करून घ्यायला बाहेर माणसं बसून असायची आणि अण्णा रात्री कंदील लावून फॉर्म भरायचे, कारण चार दिवस उशीर म्हणजे पेर हुकली. मी त्या कंदिलाजवळ बसून अभ्यास केलाय.

काही गट थांबले आणि उशिरा पेरलं. तीन गटांनी थांबायचं नाही ठरवलं आणि गावातल्या सावकाराकडून उचललं. त्या कर्जाला तिकडे कूत पोन्या म्हणतात, खंजिराचा वार.

आता आमच्याकडे नवीन एक्सेल आहे. गूर्द आणि डोला असे दोन कॉलम, पुढे मामीतचा भाव, आणि प्रत्येक ओळीला मूळ फोटो जोडलेला. हिशोबनिसाचा अर्धा पगार बजेटमध्ये घेतला, त्यासाठी मी बोर्डात भांडले. मिनिट्समधून तो ठराव काढावा असं एकाने सुचवलं होतं. पास झालेली मिनिट्स बदलत नाहीत, खाली दुरुस्तीचा ठराव जोडतात, पण नियम नसता तरी अध्यक्षबाईंनी काढू दिलं नसतं. माफीचं पत्र मी क्रेओलमध्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत, लिहून घेतलं आणि फोनवर स्वतः वाचून दाखवलं, माझ्या तोडक्या उच्चारात. कोऑर्डिनेटर म्हणाला, ठीक आहे, सॅ म. सॅ म म्हणजे माझी बहीण. त्याआधी तो मला असं कधी म्हणाला नव्हता. त्याने ते नक्की कशा अर्थाने म्हटलं हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या हंगामाचा हिशोब आला तेव्हा फोटो मीच उघडले, एकेक करून. बियाणं, खेचराचं भाडं, कोठाराची कडी. शेवटच्या कागदावर तळाशी एक ओळ होती, कूत पोन्याचं व्याज, तीन गट, आणि पुढे डोलात आकडा. त्यावर त्यानेच दोन आडव्या रेघा मारल्या होत्या आणि बेरजेत तो धरला नव्हता. आकडा रेघांच्या खालून स्पष्ट वाचता येतो. मी बोर्डात म्हटलं हे व्याज आपण द्यायला हवं. नर्सताई लगेच हो म्हणाल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्याने खोडलंय, आपण ते परत लिहायचं का हे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. विचारायचं मीच आहे, आणि अजून विचारलेलं नाही.