दमलेला हात

"आत्या, माझा हात दमला," असे म्हणत साडेतीन वर्षांच्या भाचीने आज दुपारी पेन्सिल खाली ठेवली, तेव्हा दुरेघी वहीत 'अ' हे अक्षर २८ वेळा लिहून झाले होते आणि दोन ओळी अजून बाकी होत्या.

मुठीत आवळून धरलेल्या पेन्सिलीचा वळ तिच्या तळहातावर उमटला होता. जन्मतः मनगटातील आठही लहान हाडे साधारणपणे कूर्चेची असतात आणि ती पूर्ण घट्ट व्हायला सुमारे बारावे वर्ष उजाडते, हे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. तरीही शाळेतून निरोप येईल या धास्तीने "एवढे पूर्ण कर" असे म्हणणारी मीच होते.

माझ्या आईने मात्र "तिले खेयू दे" एवढेच म्हणून तिच्यापुढे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा गोळा ठेवला. भाचीने पुरीएवढी भाकरी थापली, मोडली, पुन्हा थापली; अर्धा तास तो हात एकदाही दमला नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला खेळातून शिकवण्याचे हेच काम करून दाखवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ हे वय खेळातून आणि कृतीतून शिकण्याचे मानले आहे. आमच्या जळगावातल्या या दप्तरात मात्र रोज एक पान असतेच.

वही अजून अपूर्ण आहे. उद्या बाईंना चिठ्ठी लिहायची आहे. तुम्ही काय लिहिले असते?