तुम्ही विचारलंत म्हणून : एक लोकल वाढवायला काय जातं?

लग्नात, बारशात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंडात बोळा असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय : सकाळी एक लोकल वाढवायला तुमच्या लोकांचं काय जातं? तुमच्या लोकांचं म्हणजे रेल्वेचं. नोकरीची बरीचशी वर्षं मी लोकलच्या वेळापत्रकाच्या टेबलावर काढली. त्यामुळे निवृत्त झालो तरी गाडी रखडली की नातेवाइकांच्या लेखी ती मीच रखडवलेली असते.

‘रेक नाहीत गं,’ एवढं म्हणून मी विषय मिटवत आलो. रेक म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी. ते खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. परवा एका केळवणाला भाचीने गाठलं. ती बदलापूरहून रोज भायखळ्याला जाते. म्हणाली, “मामा, आज रेक नाहीत म्हणायचं नाही. खरं सांगा.” मी मठ्ठ्याची वाटी बाजूला सरकवून ताटाभोवती बोटाने रेघा काढायला लागलो, तेवढ्यात आग्रहाची जिलबी आली आणि सांगणं अर्धंच राहिलं. ते आता पुरं करतो.

फलाटावर आकड्यांचा तक्ता लागतो, तो सगळ्यात शेवटी तयार होतो. आधी असतो चार्ट. टेबलभर पसरलेला आलेखाचा कागद, त्यावर आडवी मिनिटं आणि उभी स्टेशनं : वर सीएसएमटी, खाली कल्याण, त्याच्याही खाली कर्जत आणि कसारा. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. स्लो गाडीची रेघ प्रत्येक स्टेशनावर जराशी आडवी होत, जिना उतरावा तशी जाते. फास्टची उभट आणि सलग. पूर्वी हे सगळं पेन्सिलीने चालायचं. फूटपट्टी, खोडरबर, टोक काढायला ब्लेड. संध्याकाळी शर्टाची उजवी बाही शिशाने काळी झालेली आणि टेबलावर रबराचा चुरा. संगणक आल्यावरही अडलं की मी कागदच काढायचो. पडद्यावर एका वेळी दहा रेघा दिसतात आणि भानगड नेमकी अकराव्या रेघेत असते.

नियम तसा सोपा आहे. एकाच रुळावरच्या दोन रेघांमध्ये तीन मिनिटं हवीत. चालत्या गाडीच्या पाठीमागे लाल सिग्नल, त्याच्या मागे पिवळा, त्याच्या मागे दोन पिवळे आणि मग हिरवा. मागच्या मोटरमनला हात आखडावा लागू नये एवढं अंतर सोडलं की ते तीनेक मिनिटांचं भरतं. म्हणजे एका मार्गावर तासाला वीस गाड्या, त्याही सगळ्या एकसारख्या धावल्या तर. एक इथे थांबते, दुसरी थांबत नाही, तिसरी मध्येच रूळ बदलते. की वीसच्या सतरा-अठरा झाल्या. दुपारी दोनच्या सुमाराला चार्टवर मोकळी जागा असते, तिथे हवी तर चार गाड्या घालून देतो. पण भाचीला गाडी सकाळी आठला हवी आहे आणि तिथे पेन्सिलीचं टोक टेकवायलाही जागा नसते.

मग रूळ वाढवा, असं लगेच कुणीतरी म्हणतं. वाढवायलाच हवेत. पण मेख बहुतेक वेळा टोकाला असते. चर्चगेट घ्या. तिथे फलाट चार. स्लो आणि फास्ट अशा दोन्ही मार्गांवर तीन-तीन मिनिटांनी गाडी आत घ्यायची तर तासाला चाळीस गाड्या झाल्या. प्रत्येक फलाटाला दहा, म्हणजे एका गाडीच्या वाट्याला सहा मिनिटं. तेवढ्यात तिने सांध्यांवरून, म्हणजे रूळ बदलायच्या जागांवरून, हळूहळू आत यायचं, बाराही डबे रिकामे व्हायचे, पुन्हा भरायचे, आणि तिचा शेवटचा डबा सांध्यापलीकडे गेल्याशिवाय पुढची आत येणार नाही. बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरहून लांब असते. गाडी घेऊन आलेल्या मोटरमनने गर्दीतून वाट काढत दुसऱ्या टोकाच्या केबिनपर्यंत जायचं म्हटलं तर सहा मिनिटं त्यातच संपली. म्हणून त्या टोकाला दुसरा मोटरमन आधीच तयार ठेवावा लागतो. हार्बरला तर सीएसएमटीत फलाट दोनच. चार मिनिटांनी एक गाडी धरली तरी गाडीमागे आठ मिनिटं येतात. मधल्या रुळांवर तुम्ही सोन्याचे सिग्नल बसवलेत तरी हा भागाकार बदलत नाही.

दुसरं दुखणं आडवं जाणाऱ्यांचं. माझ्या काळात आमचा सगळा चार्ट दिवा स्टेशनाजवळच्या रस्त्याच्या फाटकाच्या हातात होता. फाटक पूर्ण लागून कुलूप पडल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. आणि फाटक लागणार कसं? दांडा निम्म्यावर आलेला असताना खालून एक रिक्षा पुढचं चाक घालते, तिच्या मागून टेम्पो, टेम्पोच्या आडून स्कूटरवाले. गेटमन ओरडतोय, दांडा अधांतरी. तीन मिनिटं गेली. वरच्या बाजूला फास्ट उभी, स्लो उभी, तिच्या मागे आणखी एक. आम्ही कागदावर अर्ध्या अर्ध्या मिनिटाची काटकसर करायची आणि तो टेम्पोवाला एका फटक्यात सगळी उधळून टाकायचा.

तिसरं दुखणं मेल-एक्सप्रेसचं. त्या नाशिककडून आणि पुण्याकडून कल्याणला येतात आणि लोकलच्या वाटेत शिरतात. त्यांना वेगळा रस्ता हवा म्हणून पाचवी-सहावी लाइन टाकली. कुर्ला ते ठाणे झाली, दिवा ते कल्याण होती, पण ठाणे ते दिवा हा मधला नऊ किलोमीटरचा तुकडाच नव्हता. म्हणजे दोन्हीकडे डांबरी रस्ता आणि मध्ये ओढा. त्या तुकड्याची पायाभरणी २००८ ची आणि उद्घाटन १८ फेब्रुवारी २०२२ चं. मी तोवर घरी बसलो होतो. तो सुरू झाला तेव्हा १९१६ पासूनचा पारसिकचा बोगदा मेल गाड्यांकडे गेला, फास्ट लोकल मुंब्र्याकडून जायला लागल्या आणि मध्य रेल्वेवर ३६ फेऱ्या वाढल्या. छत्तीस! नऊ किलोमीटरांमुळे. आता हीच लाइन कुर्ल्यापासून पुढे सीएसएमटीपर्यंत नाही, म्हणून कुर्ल्याला मेल पुन्हा लोकलच्या गळ्यात येते. मला विचाराल तर मोर्चा काढायचा तो त्यासाठी काढा.

थांब्याचं सांगतो, कारण त्यात माझाच कान धरायला हवा. एका मधल्या स्टेशनाचं शिष्टमंडळ आलं होतं. सकाळची एक फास्ट आमच्याकडे थांबवा, एवढीच मागणी. माणसं चांगली होती, सोबत पेढे होते. मी हिशेब केला : वेग कमी करणं, अर्धं मिनिट थांबणं, पुन्हा वेग घेणं, मिळून सव्वा-दीड मिनिट. चार्टवर ओढाताण करून बसवलं आणि थांबा दिला.

झालं असं की त्या स्टेशनावरचे सगळे लोक त्याच एका गाडीची वाट बघत उभे राहायला लागले. आधीच्या दोन स्लो त्यांनी सोडून द्यायच्या आणि या फास्टवर तुटून पडायचं. अर्ध्या मिनिटाचा थांबा मिनिटाला भिडला. मी स्टॉपवॉच घेऊन तीन दिवस फलाटावर उभा होतो : एक्कावन्न सेकंद, अठ्ठावन्न, एक मिनिट चार. मागची गाडी रोज सिग्नलला उभी. ती कुर्ल्याला दोन मिनिटं उशिरा पोचायची, तेवढ्यात तिची जागा एक मेल घेऊन जायची, आणि परतीच्या फेरीला तोच रेक सात मिनिटं मागे. म्हणजे सकाळच्या थांब्याचा फटका साडेदहाला उलट दिशेने जाणाऱ्या माणसांना बसत होता. त्यांना पेढ्यांबद्दल काहीच माहीत नव्हतं. पुढच्या वेळापत्रकात थांबा काढला. शिष्टमंडळ पुन्हा आलं, या खेपेला हात हलवत.

त्या तीन दिवसांत मला एक गोष्ट दिसली, जी चार्टवर कधीच दिसली नसती. फलाट अडीचशे मीटरचा, पण पूल एकच आणि त्याचा जिना एका टोकाला. पाऊस असो नसो, गर्दी जिन्यापाशी. समोरच्या तीन डब्यांना मारामारी आणि लांबच्या टोकाच्या डब्यात माणसं आरामात चढतायत. पण गाडी हलते ती सगळ्यात भरलेल्या दाराच्या वेळेने. दुसऱ्या टोकाला एक जिना असता तर पंधरा सेकंद वाचली असती. मी तसा कागद पाठवला. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. वेळापत्रकवाल्याने जिन्यात का लक्ष घालावं, असं कुणीतरी म्हटल्याचं मात्र कानावर आलं.

एसीबद्दलही विचारतात. सकाळी नवी जागा नसताना एसी गाडी घालायची म्हणजे साधी गाडी काढूनच घालावी लागते. तिकीट किंवा पास परवडणारे आत बसतात, बाकीचे पुढच्या साध्या गाडीला लटकतात. ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोकांचा भडका उडाला तो यावरूनच, आणि दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. पूर्वीच्या नऊ डब्यांच्या गाडीत १,७०० माणसांची सोय धरलेली असायची. गर्दीला तिच्यात साडेचार हजार असायची. तिथे एक गाडी बदलणं म्हणजे किती माणसांना फलाटावर ठेवणं, ते तुम्हीच मोजा.

तरी दारं बंद व्हायला हवीत, असं मी आता म्हणतो. नोकरीत असताना म्हणालो नसतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं पडली, त्यात जीव गेले. त्यानंतर नव्या साध्या गाड्यांनाही आपोआप लागणारी दारं ठेवायचं ठरलं. वेळापत्रकवाला म्हणून मला माहीत आहे, दार लागेपर्यंत गाडी हलणार नाही, प्रत्येक स्टेशनाला काही सेकंद जातील आणि तासाला एखादी गाडी त्यात बुडेल. बुडू दे. माझा जावई दारातच उभा असतो.

गाडी वाढत नसली तरी माणसांची सोय वाढू शकते, ती डबे वाढवून. बाराचे पंधरा केले की चार्टवर एकही नवी रेघ न ओढता पाव गाडी जास्त मिळते. मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची पहिली गाडी २०१२ मध्ये आली, ती कल्याणपर्यंत. पुढे का नाही, तर फलाट आखूड, आणि रात्री एवढी लांब गाडी उभी करायची कुठे, ती धुवायची-तपासायची कुठे, म्हणजे कारशेडची लांबी आलीच. पश्चिमेला मात्र जून २०२१ पासून अंधेरी-विरार स्लोला पंधरा डबे लागले. तिथे आधी फलाट लांबवले, मग गाड्या आल्या. मुहूर्ताला नारळ गाडीपुढे फुटतो, फलाट लांबवणाऱ्या गवंड्याला कुणी हार घालत नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर तासभर सांगितलं. मधून मधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे आमची गाडी वाढणार नाही, पण लांब होऊ शकते. बरं. उद्या डब्यात सांगते सगळ्याजणींना. पण मामा, आमची ७.५१ रोज विठ्ठलवाडीच्या पुढे सिग्नलला का हो उभी राहते? रोज! कल्याण समोर दिसत असतं.”

ते कल्याण यार्डाचं. कसाऱ्याची बाजू, कर्जतची बाजू, मेल, मालगाड्या, सगळ्यांच्या वाटा तिथे एकमेकींना छेदतात. ते तोंडी सांगता येत नाही. मी म्हटलं, रविवारी येतो, मुलांच्या वहीतला आलेखाचा एक कागद काढून ठेव आणि पेन्सिलला टोक करून.