टाकीची नोंद ३ : काटा अडीचवरच का अडला?

आमच्याकडे इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. गच्चीवरच्या टाकीत किती उरलंय हे बघायला दर वेळी जिना चढा, झाकण उचला. ते खोलीत बसून कळावं, त्यापायी हा सगळा खटाटोप. आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी यायच्या वेळावरून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर मागच्या खेपेलाच बोलायला लागला होता. पण तो वेळ सांगणाऱ्या त्याच्या इको पिनमधून निघतात ५ व्होल्ट, आणि ते वाचणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनला ३.६ च्या वर झेपत नाही. उपाय जुनाच: वर एक रेझिस्टर, खाली ग्राउंडकडे त्याच्या दुप्पट, आणि मधल्या सांध्यावरून घ्यायचे दोन तृतीयांश. म्हणजे ३.३३.

मी जरा शहाणपणा केला. करंट कमी जावा म्हणून १०० के (किलोओहम) आणि २०० के लावले. बोर्डाला जोडण्याआधी इकोच्या जागी सरळ ५ व्होल्ट दिले आणि बाबांच्या जुन्या काट्याच्या मीटरनं १० च्या रेंजवर मोजलं. काटा अडीचवर! रेझिस्टर बदलले, ब्रेडबोर्डची भोकं बदलली, तरी अडीच. बाबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "अरे, मीटरही थोडं पितंच की."

डायलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं: २० के पर व्होल्ट, म्हणजे रेंजच्या दर व्होल्टमागे मीटरचा स्वतःचा रोध २० के. १० च्या रेंजवर मीटर स्वतःच २०० के! खालच्या २०० के ला समांतर आणखी तेवढेच, उरले १०० के. वर शंभर, खाली शंभर, पाचाचे निम्मे. काटा बिचारा खरंच सांगत होता. शेजारच्या काकांचं डिजिटल मीटर (१० मेगओहमचं) लावलं, तर ३.३१.

ईएसपीची पिन मीटरसारखी पीत नाही, तेव्हा तेच रेझिस्टर चाललेही असते. पण गच्चीपासून खोलीपर्यंत लांब वायर, शेजारून पंपाची लाइन. एवढ्या मोठ्या किमतींवर कचरा (नको ते सिग्नल) लगेच चिकटतो. शनिवारी महाराणी रोडवरून १ के चे रेझिस्टर आणले. २ के नव्हता, म्हणून दोन ओळीनं जोडले. करंट १.६७ मिलीअँपिअर, तोही इको पिनवर ५ व्होल्ट असतील तेवढाच वेळ. आता बाबांचा काटाही ३.३ च्या आसपास येतो.

सेन्सर आणि बोर्ड, दोन्हीकडचं ग्राउंड एक करायला मात्र मी विसरलो होतो. त्यात अर्धा तास गेला, जास्त सांगत नाही.

रात्री बादलीवर धरून पाहिलं: इको २९०० मायक्रोसेकंद, भागिले ५८ (आवाजाला एक सेंटिमीटर जाऊन यायला साधारण एवढे मायक्रोसेकंद), म्हणजे ५० सेंटिमीटर. आईच्या शिवणाच्या टेपनं ५१. रविवारी झाकणाला भोक पाडतो.