डोईवर तुळस आहे असं समज

चालणं जमेल का, याचीच धास्ती होती. पण अवघड गेलं ते पाया पडणं.

वारीत भेटेल तो माउली. त्याच्या पायांना आपण हात लावायचा आणि तोही आपल्या पायांशी वाकतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या कमरेतली एल-फोर, एल-फाइव्ह या मणक्यांमधली गादी सरकली, तेव्हापासून असं वाकणं बंद. चालायला मात्र मोकळीक होती. गुढीपाडव्यापासून रोज चालायला लागले. आधी दोन किलोमीटर, वारी येईपर्यंत पंधरा. पाठीचे व्यायाम एक दिवस चुकवले नाहीत. कळ पायात उतरली किंवा पाय बधिर झाला तर तिथेच थांबायचं, असं फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं.

म्हणून यंदा हडपसर ते सासवड एवढंच ठरवलं. पुण्यातून पहाटे निघता आलं नाही याची हळहळ वाटली, खोटं कशाला सांगू. पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये टाकली, कमरेला पट्टा बांधला.

गर्दी अडली की उभं राहणं जड जायचं. मग टाळांच्या ठेक्यावर जागच्या जागी पावलं टाकत राहायचे. वडकी नाल्याला सावलीत अर्धा तास चक्क आडवी झाले. पुढे दिवेघाट. माउलींच्या रथाला चढासाठी जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या.

घाटात एक आजी भेटल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन. मी पाया पडायला वाकले आणि कमरेत चमक आली. तोंडावर दिसलं असावं. त्यांनी माझा दंड धरला.

"कमरंत नगं वाकू, पोरी. गुडघ्यात बस, पाठ सरळ ठिव. डोईवर तुळस हाय असं समज."

आणि करून दाखवलं. वृंदावनाला एका हाताचा आधार, मान ताठ, गुडघे दुमडत त्या सावकाश खाली बसल्या, तशाच उठल्या. तुळशीचं पान हललं नाही. ओझं उचलताना असंच बसा, हे मी दवाखान्यात कितीदा ऐकलं होतं! शरीराला ते कळलं ते दिवेघाटात.

संध्याकाळी सासवडला राहुटीत आजी पुन्हा दिसल्या. तुळस खाली ठेवून पाय चोळत बसल्या होत्या. मी एक गुडघा टेकला, मग दुसरा. पाठ ताठ ठेवून खाली बसले आणि त्यांच्या धुळीनं भरलेल्या पावलांवर दोन्ही हात ठेवले.