एका संमतीपत्राचे चार महिने

आईला सोनोग्राफीसाठी सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. नंबर लागला दुपारी तीनला. मधल्या वेळात सिस्टरांना किती वेळा विचारलं ते मोजलं नाही, पण त्यांनाही सांगता येत नव्हतं. खाटेजवळ एक छोटा स्क्रीन असावा, त्यावर आजची तपासणी, खायचं की उपाशी राहायचं आणि पुढे किती जण आहेत एवढंच दिसावं, हे तेव्हाच डोक्यात बसलं. ॲपचे स्क्रीन डिझाइन करणं हेच माझं काम, त्यामुळे नमुना तीन आठवड्यांत तयार झाला. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो आपल्या वॉर्डात वापरून बघायचं कबूल केलं आणि प्रस्ताव त्यांच्याच नावाने गेला. इथवर काही अडलं नाही. अडलं ते एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय ना हे बघणाऱ्या समितीत, एका संमतीपत्रावर.

औषध नसलं तरी रुग्णांबरोबर संशोधन करायचं तर कमिटीची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटीत 7 ते 15 जण असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचे, एक कायद्याचे जाणकार, आणि एक वैद्यकाशी संबंध नसलेला सामान्य माणूस. आमच्या कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच व्हायची. एक चूक झाली की महिना गेला.

पहिला महिना गेला तो कागदाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख नव्हती म्हणून. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत घालून दिली असती. याचा राग अजून गेलेला नाही.

मग मराठी. कमिटीच्या ऑफिसने दिलेला संमतीपत्राचा नमुना असा होता: ‘सदर संशोधनातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून आपणांस कोणत्याही टप्प्यावर सहभाग संपुष्टात आणण्याची मुभा राहील.’ परवानगीआधी रुग्णांना दाखवता येत नव्हतं, म्हणून वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “ताई, हे पोलीस केसचं आहे का?” त्या रात्री मी सगळं नव्याने लिहिलं. ‘भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी उपचार आहेत तसेच चालतील. मध्येच नको वाटलं तर तेव्हाही सांगा.’

तेही परत आलं. मराठी मजकूर दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घेतात आणि मूळ इंग्रजीशी ताडून पाहतात. माझं ‘आम्ही हा स्क्रीन वापरून पाहतोय’ हे वाक्य तिकडून ‘तुमच्यावर प्रयोग करतोय’ होऊन आलं होतं. शेरा होता: नमुन्यातली भाषा वापरावी. तिसऱ्या बैठकीला मी आहे तोच मजकूर एका पत्रासह पुन्हा दिला, तर त्यावर पुन्हा तोच शेरा. वाशीहून ठाण्याला परतताना गाडीत मला रडू आलं होतं.

चौथ्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बोलवा अशी विनंती केली. ती करता येते हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, तुम्ही पहिल्या महिन्यातच करा. मी दोन्ही मजकूर मोठ्याने वाचले. सामान्य सदस्य म्हणून बसलेल्या बाई म्हणाल्या, “दुसरं मला एकदाच ऐकून कळलं.” एक वाक्य बदलून मंजुरी मिळाली.

कमिटीचं एक म्हणणं मात्र मला मनापासून पटलं. माझ्या स्क्रीनवर आजाराचं नाव दिसत होतं, आणि शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही ते वाचणार. ते मला सुचायला हवं होतं. काढून टाकलं.

आधी मराठी लिहा आणि त्यावरून इंग्रजी करा. उलट भाषांतराचा अर्धा घोळ तिथेच मिटतो. हिंदी प्रतही सोबतच द्या. आमच्या वॉर्डात मार्केटमधले माथाडी कामगार बरेच, काहींचा अंगठा घ्यावा लागला. तिथे लिहिता-वाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार लागतो आणि तो आपल्या टीममधला चालत नाही. तो ऐन वेळी शोधत बसू नका.

पहिला कागद वाचून दाखवला घणसोलीच्या एका आजींना. त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि विचारलं, “नाय बोलली तरी गोल्या मिलतील ना?” मी म्हटलं, मिळतील. “मंग नको गो,” म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या. मी पुढच्या खाटेकडे गेले. माझी चार महिन्यांची चिडचिड तेव्हा पहिल्यांदा उतरली.