शून्यावर अडलेला पारा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि पहिलं आठवलं ते आठवीतलं बर्फाचं चंचुपात्र. सरांनी कोल्हापुरातल्या रंकाळ्याच्या गोळेवाल्याकडून भुशात गुंडाळलेला बर्फ सायकलवरून आणला होता. खाली स्पिरिटचा दिवा. बर्फ ढवळत दर मिनिटाला तापमापी वाचायचं काम माझं. शून्य. पुन्हा शून्य. बर्फ वितळतोय, पारा ढिम्म. मी म्हटलं, "सर, बिघडली वाटतं." सर म्हणाले, "मग दिव्याची उष्णता कुठं गेली, ते सांग."

शेवटचा खडा वितळला तेव्हा पारा हलला. स्थायूतल्या कणांची एकमेकांवरची पकड सैल करण्यात उष्णता खर्ची पडते. ग्रॅमभर बर्फाचं पाणी व्हायला 80 कॅलरी. हाच अप्रकट उष्मा. पुढं पाणी 98 च्या आसपासच उकळलं. पुस्तकात तर 100! "पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा," सर म्हणाले, "आपण साडेपाचशे मीटर उंचावर. इथं हवेचा दाब कमी."

मला आमचं गुऱ्हाळ आठवलं. काहिलीत, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईत, रस रटरटू लागला की खालच्या चुलवणात कितीही चिपाडं सारा, पाणी भरपूर आहे तोवर तो शंभरीच्या आसपासच रेंगाळतो. जाळ सगळा वाफेवर जातो. ग्रॅमभर पाण्यामागं 540 कॅलरी. ही वाफ अंगावर पाणी होताना तेवढी उष्णता तिथंच सोडते. वडिलांच्या मनगटावरचा वाफेचा डाग उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा खोल का होता, ते मला त्या दिवशी कळलं.

आजोबा गुळवे, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारे. घरी येऊन हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणून तर शेवटाला जाळ काढायचा. पाणी सरलं की पाक धावतो."

मी ते सरांना सांगितलं. पुढच्याच रविवारी सर 360 अंशांची तापमापी घेऊन गुऱ्हाळावर आले. 104, 108, मग भराभर. आजोबांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी दाबून बघत होते. "उतरवा!" ते म्हणाले. पारा 118 वर होता.

सरांनी आकडा वहीत टिपला. पाक वाफ्यात, म्हणजे गार व्हायच्या पसरट खड्ड्यात, ओतला. "मास्तर, आता वाफ्यातला गूळ चाखून जा," आजोबा म्हणाले. सर दुसऱ्या आदणालाही, रसाची पुढची काहिली शिजेपर्यंत, थांबले.